मार खाणारी थोरली जाऊ

सून घरात येऊन वर्ष होत आलं होतं, पण सासूबाईंनी तिच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं ते कीबोर्ड फुटला त्या सकाळी. तोवर सून म्हणजे स्वयंपाकघरातली एक हालचाल होती. बोलायची कमी, चालायची हलकी, भांडं ठेवताना आवाज होऊ द्यायची नाही.

मुकादमाने, म्हणजे सासूबाईंच्या मुलाने, तो कीबोर्ड दोन्ही हातांनी उचलून तिच्या तोंडावर हाणला होता. कारण विचाराल तर प्रिंटरमध्ये कागद अडकला होता. मग तो बूट घालून कामावर निघून गेला. बटणं खोलीभर उडाली होती, कोचाखाली, दाराच्या फटीत, चपलांमध्ये. सून गुडघ्यांवर रांगत ती वेचत होती. एका हाताने ओठावर फडकं दाबलेलं, दुसऱ्या हाताने वेचणं चालू. पांढरी बटणं, त्यांवर काळी अक्षरं. एक तुकडा तिने उचलला, उलटसुलट करून पाहिला. त्याच्यावर अक्षर नव्हतं. तो दाताचा होता. तिने तो टेबलाच्या कडेला वेगळा ठेवला आणि पुन्हा खाली वाकली.

मग तिने फुटका सांगाडा मांडीवर घेतला आणि एकेक बटण जागच्या जागी दाबून बसवू लागली. कुठलं कुठे जातं हे तिला बघावं लागत नव्हतं.

“तुला पाठ आहे हे सगळं?” दारात उभ्या असलेल्या सासूबाईंनी विचारलं.

“लग्नाआधी कॉम्प्युटरच्या क्लासमध्ये शिकवत होते, आई.” ओठ सुजल्यामुळे शब्द मऊ होऊन बाहेर येत होते. “एकच बसत नाही. त्याची दांडी तुटलीय.”

“कुठलं?”

“खोडायचं.”

सासूबाईंना हसू आलं आणि त्याची लाजही वाटली. त्या आत गेल्या आणि मिठाचं कोमट पाणी घेऊन आल्या.

मुकादम गोदामावर हमालांच्या टोळ्या लावत असे. कोणी कुठल्या ट्रकवर जायचं याच्या पावत्या रोज सकाळी घरच्या कॉम्प्युटरवर निघत, आणि पावती हातात असल्याशिवाय फाटकावर हमालाला आत घेत नसत. म्हणून बाहेरच्या खोलीतल्या त्या मशीनला घरात मान होता. मुकादमाला गोदामावर सगळे टरकून असत. उलट बोललेल्या एका हमालाच्या पोटरीत त्याने पोती ओढायचा लोखंडी आकडा घातला होता, आणि त्या हमालानेच पुढे ‘मीच घसरलो’ असं सांगितलं होतं. घरात यापेक्षा निराळं नव्हतं. फक्त घरात साक्षीला आई होती, आणि तिचंही ‘घसरली’ हेच उत्तर तोंडपाठ होतं. आत मार सुरू झाला की सासूबाई स्वयंपाकघरातला नळ पूर्ण सोडत. शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून, असं त्या स्वतःला सांगत. खरं तर त्यांना स्वतःला ऐकायचं नसे. त्यांच्या नवऱ्याच्या हयातीत त्यांची सासूही तोच नळ सोडायची.

मुकादमाला घरातली वस्तू जागची हललेली खपत नसे. नवीन असताना सुनेने भिंतीवरचं घड्याळ खिडकीसमोर लावलं, तर त्याने ते उतरवून तिच्याच पाठीवर फोडलं होतं.

मशीन जुनं होतं. रडतखडत सुरू व्हायचं. मुकादम बटण दाबायचा आणि समोर उभा राहायचा. पडद्यावर गोल फिरत राहायचं. मग एक शिवी, मग सीपीयूवर तळहाताची थाप, मग मूठ, शेवटी गुडघा. पत्र्याला पोचे पडले होते. अशा मारात एका सकाळी मशीनने मान टाकली. निळा पडदा आला तो जाईना.

मुकादम त्या दिवशी ओरडला नाही. तो ओरडला नाही की सासूबाई नळाजवळ जाऊन उभ्या राहत.

“आजच्या पावत्या मी हाताने लिहितो,” तो म्हणाला. “उद्या मला मशीन चालू पाहिजे. आणि जसं आहे तस्संच. माझं एक जरी काही इकडचं तिकडे झालं ना, तर हे हात मी मोडून ठेवीन. कळलं?”

“कळलं,” सून म्हणाली.

तो गेल्यावर तिने तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला आणि तळातून एक पेन ड्राइव्ह काढला. फुंकर मारून मशीनला लावला.

“अगंबाई! माझ्या तांदळात हे?”

“तिथे ते हात घालत नाहीत, आई.” ती पडद्याकडे पाहतच बोलत होती. “जुनी सिस्टीम गेली. पण आतला माल शाबूत आहे, दिसतोय मला. आधी तो बाजूला काढते. मग दुसरी सिस्टीम घालते. लिनक्स म्हणतात तिला. क्लासमधली मोडकी मशीनं आम्ही तिच्यावरच जगवायचो.”

“मग झालं तर. घाल आणि सुटलो.”

“घालणं सोपं आहे. पुढचंच अवघड आहे.”

सासूबाई भाजी निवडायला तिथेच बसल्या, आणि पुढचं म्हणजे काय ते त्यांनी दिवसभर पाहिलं. सिस्टीम घालून झाली तेव्हा मशीन सुरू झालं खरं, पण ते परक्याचं होतं. रंग वेगळा, पट्टी वरच्या बाजूला, अक्षरं बारीक, पावतीचं नाव नाही. नव्या जागी राहायला गेल्यावर चार भिंती असतात पण चहाचा डबा कुठे ते ठाऊक नसतं, तसं. फरक एवढाच की या घरात डबा बोटभर सरकला तरी हाडं मोडणार होती.

सुनेने वरची पट्टी खाली आणली. तिला जुना निळा रंग दिला. तो जमेना, गडद व्हायचा. ती डोळे मिटून आठवायची, एक छटा कमी करायची, पुन्हा डोळे मिटायची. मुकादमाच्या लाल ट्रकचा फोटो मागे लावला. चित्रांची रांग डावीकडे लावली.

“कचऱ्याची टोपली खाली उजवीकडे होती,” सासूबाई एकदम म्हणाल्या. रोज पाहून त्यांनाही ते पाठ होतं हे त्यांना तेव्हाच कळलं.

“होती. पण थोडी वर. त्यांनी एकदा रागात ओढली होती.”

“हां. पडद्यावरच्या घड्याळाच्या डोक्यावर.”

“बरोबर, आई.”

पावतीचा फॉर्म उघडला तर अक्षरांच्या जागी नुसते चौकोन आले. सुनेने जुन्या सामानातून फॉन्ट शोधून आणला, तेव्हा कुठे हमालांची नावं वाचता आली. प्रिंटर ओळखच दाखवेना. त्याला तिने तीन वेगवेगळ्या पद्धतींनी समजावलं. पहिली पावती निघाली ती वीतभर वाकडी, म्हणून समास दुरुस्त केले. नवीन सुधारणा आल्याच्या सूचना कोपऱ्यातून डोकवायच्या, त्यांचं तोंड बंद केलं. एका टिचकीत फाइल उघडत होती, तिथे जुन्यासारख्या दोन केल्या. सुरू होताना मशीन एक गोड सूर काढायचं. तो ऐकून दोघी दचकल्या आणि दोघींचं लक्ष दाराकडे गेलं.

“गळा दाब त्याचा,” सासूबाई कुजबुजल्या.

सुनेने सूर बंद केला. संध्याकाळी दोघी मशीनसमोर उभ्या राहिल्या. त्यांच्या डोळ्यांना काडीचा फरक दिसत नव्हता. सून हसली तेव्हा तुटका दात दिसला.

दुसऱ्या सकाळी मुकादमाने बटण दाबलं. हात सवयीने वर गेला, तेवढ्यात मशीन उघडलं. ट्रक, रांग, टोपली, सगळं हजर. त्याने पावत्या दाबल्या, पावत्या सरळ बाहेर आल्या. त्याचा हात अजून अर्धवट वरच होता. त्याने मशीनकडे पाहिलं, मग हाताकडे. मग चहाचा घोट घेतला आणि म्हणाला, “हा चहा आहे?” आणि तो हात सुनेच्या कानावर उतरला. ती भिंतीवर आदळून खाली बसली. पावत्यांची चळत उचलून तो निघून गेला.

पुढे रोज तेच. मशीन डोळा मिटायच्या आत उघडायचं आणि मुकादमाला काहीतरी सापडायचं. चहा, मोजे, दाराची कडी, तिचं बघणं. एकदा त्याने तिला केस धरून दाराच्या चौकटीपर्यंत नेलं. पूर्वी आठवड्यात दोनदा व्हायचं ते आता सूर्य उगवावा तसं ठरलेलं झालं. सून आपलंच काहीतरी चुकत असेल म्हणून पट्टीचा निळा रंग पुन्हा पुन्हा तपासत होती.

चूक सापडली ती सासूबाईंना. सून फरशीवरचं रक्त पुसत होती आणि त्या कपाटाला टेकून उभ्या होत्या. ते त्यांच्या लग्नातलं पत्र्याचं कपाट. त्याच्या दारावर जुने पोचे होते, मुठीएवढे.

“हे कोणी केलेत, ठाऊक आहे?” त्यांनी विचारलं.

“मामंजींनी?”

“मीच करवले. हे दार अडकायचं. मी बिजागरीला कधी तेल घातलं नाही. सकाळी शर्ट काढायला ते दार ओढायचे, दार निघायचं नाही, मग दाराला बुक्क्या. तेवढ्यात त्यांचा राग निवायचा. ज्या दिवशी मी तेल घातलं असतं, त्या दिवशी माझी पाठ उघडी पडली असती.” त्या जवळ आल्या. “बाई गं, वड्याचं तेल वांग्यावर निघतंय. तुझं मशीन फार शहाणं झालंय. त्याला थोडं मठ्ठ कर.”

सुनेने फडकं खाली ठेवलं आणि मशीनच्या पत्र्यावरच्या पोच्यांकडे पाहिलं. मग दोघी हसायला लागल्या. सुनेला हसताना बरगडी दुखत होती, ती धरून ती हसत होती.

मशीन सुरू होताना आपोआप चालणाऱ्या कामांची एक यादी असते. त्या यादीत सुनेने एक काम घातलं. काही करायचं नाही, नुसतं थांबायचं. त्यावर काळा पडदा आणि मधोमध फिरणारं गोल.

दुसऱ्या सकाळी गोल फिरत राहिलं. मुकादमाने शिवी घातली, थाप मारली, मग मूठ, मग गुडघा. पत्रा दणाणला. मग ट्रक आला, रांग आली, टोपली आली. मुकादमाने घाम पुसला, चहा एका दमात प्याला आणि निघाला.

“झालं?” सासूबाईंनी आतून विचारलं.

“झालं. थोरल्या जाऊबाईंनी मार खाल्ला आज.”

तेव्हापासून मशीनचं नाव थोरली जाऊ पडलं. ‘आज जाऊबाईंना किती पडल्या?’ ‘जाऊबाई सोशिक हो, हूं की चूं नाही.’ गोल किती वेळ फिरायचं ते सून रोज मुद्दाम थोडं कमीजास्त करी, रोज तेवढाच वेळ लागला तर संशय आला असता. कुठल्या संध्याकाळी मुकादमाच्या पावलांचा आवाज जड आला की ती रात्रीच दुसऱ्या दिवशीचं गोल लांबवून ठेवी. सुनेच्या अंगावरचे काळेनिळे डाग पिवळे झाले, मग गेले. तिने सासूबाईंच्या मांडीवर कीबोर्ड ठेवून त्यांना त्यांचं नाव टाइप करायला शिकवलं. त्या घरात एवढे बरे दिवस सासूबाईंना आठवत नव्हते.

पण ज्याने मारलं त्यालाच एक दिवस कंटाळा आला. भर दुपारी मुकादम एका कॉम्प्युटरवाल्याला घेऊन घरी आला. बाजारात दुकान असलेला, पोट सुटलेला, बोलघेवडा माणूस.

“बघा जरा. फार छळतंय,” मुकादम म्हणाला.

कॉम्प्युटरवाल्याने मशीन सुरू केलं. गोल फिरलं. त्याने कपाळाला आठी घातली, काही दाबलं, काळ्या खिडकीत काही लिहिलं आणि मोठ्याने हसला.

“अहो मुकादम, मशीन ठणठणीत आहे! याला कोणीतरी मुद्दाम झोपवलंय. हे बघा, ‘थांब’ म्हणून सांगून ठेवलंय त्याला.” त्याने ते काम काढून टाकलं. मशीन पुन्हा सुरू केलं तर चुटकीसरशी उघडलं. “आणि ही तुमची जुनी सिस्टीमच नव्हे. लिनक्स आहे! वरचे कपडे जुने, आतला माणूस नवा. काय हात आहे हो, टोपलीसुद्धा वाकडी ठेवलीय! कोणी केलं? असा माणूस मला दुकानात पाहिजे.”

कॉम्प्युटरवाल्याची नजर सुनेच्या तुटक्या दातावर गेली, मग पत्र्यावरच्या पोच्यांवर. त्याचं हसू विरलं.

“बरंय, तुम्ही निघा,” मुकादम हसून म्हणाला. त्याने त्याला जिन्यापर्यंत सोडलं, परत आला आणि दाराचा अडसर लावला. सासूबाई स्वयंपाकघरात गेल्या. हात नळावर गेला आणि नळ सुटला. पाणी धो धो वाहू लागलं, पण आज ऐकू येत होतंच.

“म्हणजे रोज सकाळी मी तिथे माकडासारखा नाचायचो,” मुकादम म्हणत होता, “आणि तुम्ही आत हसायचात.”

“हसण्यासाठी नव्हतं केलं,” सून म्हणाली.

“मग कशासाठी?”

पोचे पडलेल्या पत्र्यावर तिचं बोट एकदा वाजलं. त्याला उत्तर मिळाल्याचं त्याच्या श्वासावरून कळलं. मग टेबल सरकलं. सासूबाईंनी वळून पाहिलं तेव्हा त्याने सुनेचं डावं मनगट टेबलावर दाबून धरलं होतं आणि दुसऱ्या हाताने सीपीयू वायरींसकट उचलला होता. तो त्याने मनगटावर आणला. आवाज सुकी फांदी मोडल्यासारखा आला. सूनबाई ओरडली, तशी ती या घरात कधीच ओरडली नव्हती.

“हात मोडीन म्हणालो होतो ना? आता तो दुसरा आण. त्यानेच केलंस ना?”

सीपीयू पुन्हा वर गेला.

सासूबाईंनी नळ बंद केला. एवढ्या वर्षांत मार चालू असताना त्यांनी तो पहिल्यांदाच बंद केला. खलातला बत्ता उचलला. त्यांच्या नवऱ्याच्या वेळीही तो तिथेच असायचा, हाताच्या अंतरावर, आणि रोज त्याने फक्त मसालाच कुटला होता. त्या बाहेरच्या खोलीत गेल्या आणि मुलाच्या वर उचललेल्या उजव्या कोपरावर तो सगळ्या ताकदीने घातला. सीपीयू फरशीवर कोसळला. दुसरा घाव खांद्यावर बसला.

“आई!” मुकादम कळवळला. लहानपणी पडल्यावर ओरडायचा अगदी तसाच, आणि त्या आवाजाने सासूबाईंचा बत्ता वरच्या वर थांबला. तेवढ्याने घात झाला. त्याने डाव्या हाताने त्यांचा गळा धरला आणि त्यांना कपाटावर आपटलं, एकदा, दोनदा. पत्र्याचे जुने पोचे पाठीला लागले. डोळ्यांपुढे अंधार येताना त्यांना एवढंच वाटलं की कपाटाने जन्मभर मार खाल्ला तरी आपला एकही चुकला नाही. तो नुसता पुढे ढकलला गेला, मुलापर्यंत आणि सुनेपर्यंत.

बाहेरून कोणीतरी दारावर धडका देत होतं. कॉम्प्युटरवाला अर्ध्या जिन्यावरून परत फिरला होता. पण अडसर जुन्या लाकडाचा होता, तो हलेना. सूनबाई लोंबतं मनगट पोटाशी धरून गुडघ्यांवर दारापर्यंत गेली, त्या दिवशी बटणं वेचत गेली होती तशी, आणि उजव्या हाताने तिने अडसर काढला.

कॉम्प्युटरवाला आत आला, त्याच्यामागे जिन्यातले दोघेतिघे. मुकादमाला खाली पाडायला सगळे लागले.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी सवयीचा प्रश्न विचारला, “कशाने झालं?” सूनबाईने सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाईंच्या गळ्यावर पाच बोटं उमटलेली होती आणि आवाज घोगरा झाला होता.

“घसरली नाही,” त्या म्हणाल्या. “माझ्या मुलाने मोडलं. त्याचं कोपर मी मोडलं. दोन्ही लिहा.”

दोन्ही लिहिलं गेलं. पोलिसांनी सासूबाईंनाही बसवून ठेवलं, प्रश्न विचारले आणि सोडलं. मुकादमाला शिक्षा झाली. हमालांमध्ये तो पोटरीवाला होता, त्यानेही कोर्टात उभं राहून आपली गोष्ट या वेळी खरी सांगितली. सासूबाई मुलाला एकदा तुरुंगात भेटायला गेल्या. तो भिंतीकडे तोंड करून बसला. त्या बाकावर वेळ संपेपर्यंत बसून राहिल्या आणि परत आल्या. आजही त्याचा विषय निघाला की उठून काहीतरी काम काढतात.

आता सासू-सून बाजारातल्या एका इमारतीत दोन खोल्यांत राहतात. खाली कॉम्प्युटरवाल्याचं दुकान आहे. लोकांनी टाकून दिलेली मशीनं तिथे येतात आणि सूनबाई त्यांच्यात नवी सिस्टीम घालते. मग पुढ्यात बसलेल्या माणसाला विचारते, “तुम्हाला कसं पाहिजे? पट्टी वर की खाली? अक्षरं केवढी?” लोक गोंधळतात. त्यांना कोणी असं विचारलेलं नसतं.

सासूबाईंनाही एक मशीन मिळालं आहे. त्यावर मोठाल्या अक्षरांत चारच गोष्टी आहेत, आणि कचऱ्याची टोपली नाही, कारण त्यांना काही टाकवत नाही. बटण दाबलं की ते लगेच उघडतं. अजूनही ते उघडताना त्यांची मान आपोआप खाली जाते.

“हळू करून देऊ का, आई?” सूनबाईने एकदा चेष्टेने विचारलं.

“नको गं बाई. उघडू दे.”

सूनबाईचं डावं मनगट पुरतं वळत नाही. म्हणून आपल्या कीबोर्डवरच्या डाव्या कडेच्या बटणांची कामं तिने उजवीकडच्या बटणांना वाटून दिली आहेत, आणि त्या मशीनवर दुसऱ्या कोणालाही टाइप करता येत नाही.